डिझाइनच्या विद्यार्थ्यांची कार्यशाळा: आधी काय हलणार नाही ते ठरवा

डिझाइन कॉलेजातल्या वर्कशॉपची आखणी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी यंत्रांची यादी मंजूर होते, मग ती मावेल असा हॉल शोधतात. टेबलं, दिवे, कचरा आणि मुलांची अर्धवट मॉडेलं उरलेल्या जागेत कोंबली जातात. दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो आणि लक्षात येतं की काहीच हलवता येत नाही. किंवा ‘फ्लेक्सिबल’ म्हणून सगळ्यालाच चाकं लावलेली असतात आणि टेबलावर करवत चालवली की टेबलच करवतीबरोबर पुढे-मागे जातं.

बदलती जागा हवी असेल तर काही गोष्टी एकदाच, नीट आणि कायमच्या बसवाव्या लागतात. धूळ, पाणी, वीज आणि आग या चार गोष्टींना पाइप, वायर आणि धुराडी लागतात, त्यामुळे त्या हलत नाहीत. त्या भिंतींवर आणि छताखाली गेल्या की मधली जमीन मोकळी राहते. पुढचं सगळं याच हिशेबाने मांडलं आहे.

मापं एका ठरावीक जागेची धरली आहेत: ३० × ४० फुटांचा तळमजल्यावरचा हॉल (१२०० चौरस फूट, म्हणजे १११ चौरस मीटर), उंची १३ फूट, पुणे-नाशिक-कोल्हापूरकडचं हवामान, प्रॉडक्ट डिझाइनची ३० जणांची बॅच. कोकण किंवा गोव्यात करत असाल तर गंजाबद्दलचं सगळं दुप्पट गांभीर्याने घ्या.

हॉलचे तीन पट्टे

खरेदी करण्याआधी आठवडाभर रिकाम्या हॉलमध्ये काम करा. जमिनीवर मास्किंग टेप लावून यंत्रांचे ठसे आखा, टीव्ही-फ्रिजचे रिकामे खोके यंत्रांच्या जागी ठेवा आणि आठ फुटी प्लायची एक पाटी दोघांनी दारातून आत आणून प्रत्येक यंत्रापर्यंत नेऊन बघा. पाटी कुठे अडते ते नकाशावर दिसत नाही, खांद्यावर घेतली की लगेच कळतं.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. तो आधी स्वच्छ कामावरून, मग धुळीच्या कामावरून जाऊन बाहेर पडावा. म्हणून लेझर, थ्रीडी प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक्स पश्चिमेला, मध्ये टेबलं, आणि धुळीची यंत्रं पूर्वेच्या ४० फुटी भिंतीला. एक्झॉस्ट पंखेही पूर्वेलाच. पश्चिमेच्या खिडक्यांवर किमान तीन फुटांचा छज्जा हवा, नाहीतर जूनमध्ये त्या बंद होतात आणि ऑक्टोबरपर्यंत उघडत नाहीत.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. हॉलचं घनफळ साधारण ४४० घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ४४०० घनमीटर लागते. १८ इंची दोन एक्झॉस्ट पंखे त्याला पुरून उरतात. एक बिघडला तरी काम चालतं. पंख्याच्या माहितीपट्टीवरचा हवेचा आकडा वाचूनच घ्या. पंख्याच्या शेजारची खिडकी मात्र कायमची बंद ठेवा. ती उघडी असली की पंखा त्याच खिडकीतून हवा ओढून बाहेर टाकतो आणि हॉलमधली धूळ जागच्या जागी राहते. छताचे पंखे वर्गाच्या तासाला उपयोगी, पण सँडिंग चालू असताना बंद ठेवायचे.

स्पिरिट, पॉलिश, स्प्रे पेंट, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग हॉलच्या बाहेर, १० × १२ फुटांच्या पत्र्याच्या पडवीत. ग्राइंडरची ठिणगी आणि लाकडाचा बारीक भुसा एका खोलीत नको. भुसा ओढून पिशवीत गोळा करणाऱ्या कलेक्टरला ग्राइंडरची नळी जोडण्याची ‘सोय’ तर कधीच करू नका. पिशवीत पडलेली ठिणगी तास-दोन तास धुमसते आणि कुलूप लावून सगळे गेल्यावर पेटते. अळशीच्या तेलाच्या चिंध्याही तशाच. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळता वाळता आपोआप तापतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

जमीन

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल नको. भुसा पडला की त्यावरून पाय घसरतो, हातोडी पडली की टाइल फुटते. दोन पर्याय चांगले. एक, ५० मिलिमीटर जाडीचा आयपीएस कोबा (जागेवर ओतून घोटलेली सिमेंट काँक्रीटची जमीन), साधारण दोन-दोन मीटरच्या चौकटींत मध्ये पट्ट्या घालून, एक सोडून एक चौकट ओतलेला. दुसरा, पॉलिश न केलेली शहाबादी फरशी. एखादी फुटली तर तेवढीच उचलून बदलता येते. कोब्याला किमान सात दिवस आळं करून पाणी बांधा. ठेकेदार तिसऱ्या दिवशी ‘झालं’ म्हणतो, आणि वर्षभरात वरचा थर भुकटी होऊन सुटू लागतो. मग मुलांच्या मॉडेलवर बसणारी धूळ लाकडाची आहे की जमिनीची, हेही कळत नाही.

हॉलचे तीन पट्टे पक्के करताना एका कोपऱ्यात ८ × ८ फूट जागा पूर्ण रिकामी सोडा. आपले सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात आणि मोठी चौकट जोडायला ती पद्धत टेबलापेक्षा सरस आहे. मुलांना तीही यावी.

टेबल: एका पाटीत चार

या हॉलमधली सर्वांत महत्त्वाची वस्तू टेबल आहे, म्हणून इथे वेळ घालवा. माप प्लायच्या पाटीवरून ठरतं. ८ × ४ फुटांच्या, १८ मिलिमीटर बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे चार तुकडे केले की ४ × २ फुटांचे चार टॉप निघतात आणि वाया फक्त करवतीचा काप जातो. सोळा टेबलांना चार पाट्या. दोन जणांना एक टेबल, एक जास्तीचं. दोन टेबलं लांबीला लांबी जोडली की ४ × ४ चं चौकोनी टेबल, चार जोडली की पूर्ण पाटी मावेल असा ८ × ४ चा ओटा.

सांगाडा ४० × ४० × २ मिलिमीटर चौकोनी पाइपचा:

१. वरची चौकट १०६५ × ५३० मिलिमीटर. त्यामुळे टॉप दोन टोकांना साधारण ७५ आणि लांब बाजूंना ४० मिलिमीटर बाहेर येतो. सी क्लॅम्पला पकडायला ही जागा लागते. टॉप चौकटीच्या कडेशी समपातळीत बसवणं ही फॅब्रिकेटरची आवडती चूक आहे. दिसायला सुबक, पण क्लॅम्प लावायला जागाच नाही.

२. चार पाय आणि जमिनीपासून २०० मिलिमीटरवर खालची चौकट. त्यावर १२ मिलिमीटर प्लायची फळी. तिच्यावरचं सामान हेच टेबलाचं वजन.

३. एका टेबलाला साधारण साडेनऊ मीटर पाइप, म्हणजे २३ किलो. सोळा टेबलांना काटछाट धरून सहा मीटरचे २८ नग.

४. टॉपवर ६ मिलिमीटर हार्डबोर्ड, फक्त स्क्रूने. फेव्हिकॉल लावू नका. हाच मार खाणारा थर. वर्षाअखेरीस उलटा करायचा, पुढच्या वर्षी बदलायचा. खालचा प्लाय दहा वर्षं टिकतो.

पूर्ण उंची ८६० मिलिमीटर, म्हणजे ३४ इंच. उभ्याने रंधा मारायला किंवा करवत चालवायला टेबल कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावं. १५५ ते १६५ सेंटिमीटर उंचीच्या मुलामुलींना ८६० बरोबर बसतं. ३० इंची साधं टेबल घेतलं तर दोन तासांत कंबर धरते. बारीक कामासाठी २४ इंची उंच स्टूल द्या, की तेच टेबल बसून वापरता येतं.

आता चाकं. चारही पायांना फिरती चाकं लावू नका. स्वस्त ब्रेक फक्त चाकाचं फिरणं थांबवतो, चाकाची मान तशीच वळते आणि टेबल डुलत राहतं. त्यापेक्षा एका टोकाच्या दोन पायांना बाहेरून तीन इंची स्थिर चाकं अशी लावा की टेबल उभं असताना ती जमिनीपासून ३ मिलिमीटर अधांतरी राहतील. दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. ते टोक उचललं की चाकं टेकतात आणि टेबल हातगाडीसारखं चालतं. खाली ठेवलं की चार पायांवर घट्ट. टेबलाचं वजन चाळीस किलोच्या आसपास, एका टोकाला वीस. एक जण उचलू शकतो. पायांखाली एम१२ चे कमी-जास्त करता येणारे बोल्ट आणि रबर, कारण कोबा कितीही चांगला केला तरी दोन-तीन सुतांचा फरक असतोच. हे अंतर वेल्डिंग करतानाच गेजच्या पट्टीने तपासून घ्या. चाक ५-६ मिलिमीटर वर गेलं तर टेबल खूप तिरकं केल्याशिवाय चालत नाही, १ मिलिमीटरवर राहिलं तर उंचवट्यावर टेकून डगमगतं. टेबलं एकमेकांना जोडायला ट्रंकेला असते तशी ओढकडी पुरते.

जमिनीवर प्रत्येक मांडणीचे कोपरे वेगळ्या रंगाने छोट्या काटकोनात रंगवा: कारखान्याची मांडणी पिवळी, वर्गाची निळी, ज्युरीची (परीक्षकांसमोर काम मांडण्याची) लाल. आठ जणांनी दहा मिनिटांत मांडणी बदलता आली पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर काहीतरी अडतंय. बहुधा खालच्या फळीवर नको ते सामान साठलेलं असतं.

यंत्रांची भिंत आणि धूळ

पहिल्या वर्षी टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येणारी करवत) घेऊ नका. पाट्या प्लायच्या दुकानातून कापून आणता येतात, आणि विद्यार्थ्यांच्या हाताखाली बँडसॉ (पट्ट्यासारख्या फिरत्या पात्याची करवत) जास्त सुरक्षित: लाकूड मागे उसळून अंगावर येत नाही. बँडसॉ, उभं ड्रिलिंग मशीन, डिस्क सँडर आणि एक स्क्रोल सॉ एवढ्यावर पहिली दोन सत्रं आरामात निघतात. पण टेबल सॉची जागा आजच राखा. आठ फुटी पाटीला पुढे नऊ फूट, मागे नऊ फूट आणि यंत्राचे तीन, असा २१ फुटांचा पट्टा भिंतीला समांतर लागतो. यंत्र येईल तेव्हा त्याच्या पायाखाली बेस देऊन त्याचा माथा टेबलांपेक्षा २ मिलिमीटर वर आणा. मग कोणतंही टेबल मागे सरकवलं की कापलेल्या पाटीला आधार मिळतो.

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू राळेने दाबून केलेल्या बोर्डाच्या) धुळीत राळेतला फॉर्मल्डिहाइडही येतो. झाडू मारणं म्हणजे ती पुन्हा हवेत उडवणं. दोन अश्वशक्तीचा कलेक्टर बाहेरच्या पडवीलगत, वेगळ्या पत्र्याच्या खोपटात ठेवा. भिंतीवरून सहा इंची मुख्य नळी, यंत्रांना चार इंची फाटे. सांडपाण्याचे ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप फाट्यांना चालतात. जोड ‘टी’चा नको, ‘वाय’चा; काटकोनात हवा अडते आणि तिथेच भुसा साठतो. घडीची लवचीक नळी दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नका, तिच्या सुरकुत्या ओढ मारतात. प्रत्येक फाट्याला प्लायच्या खाचेत सरकणारी अ‍ॅक्रिलिकची झडप, आणि एका वेळी एकच उघडी. सगळ्या उघड्या ठेवल्या की कुठेच ओढ राहत नाही आणि ‘मशीन कमी पडतं’ अशी तक्रार सुरू होते.

ड्रिलिंग मशीनच्या वर एक पाटी लावा आणि तिच्यावर नेमकं लिहा: ओढणी, मोकळे केस, सैल बाही, हातमोजे आणि मनगटावरचे धागे चालणार नाहीत. श्रावणातली राखी पोळ्यापर्यंत हातावर असते आणि सुती धागा फिरत्या बिटाला पटकन गुंडाळतो. हातमोजे सुरक्षेसाठी घातले जातात, पण फिरत्या यंत्रापाशी तेच हात आत ओढतात.

वीज: खालून नको, वरून द्या

जमिनीवर वायरी आल्या की मोकळी जमीन संपली. दहा फूट उंचीवर हॉलच्या लांबीत तीन ओळींचे केबल ट्रे घ्या आणि प्रत्येक ओळीवर चार ठिकाणी लटकते बॉक्स, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. बारा बॉक्स, प्रत्येकात ६/१६ अँपिअरचे दोन पॉइंट. बॉक्सचं वजन साखळीवर घ्या, वायरवर नाही. १६ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. खाली लिहिलेल्या चार गोष्टी मात्र त्याच्या कामात स्वतः तपासा, कारण नेमक्या त्याच राहतात.

वीज जाऊन आली की यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी एका जागी बसवलेल्या प्रत्येक यंत्राला नो-व्होल्ट रिलीज असलेला स्टार्टर हवा. भारनियमनात वीज गेली, मुलाने अडकलेला तुकडा काढायला पात्यापाशी हात घातला आणि वीज आली, हा आपल्याकडचा खरा धोका आहे. साध्या खटक्याच्या स्विचवर यंत्र चालवू नका.

लटकत्या पॉइंटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि एकच नाही, किमान चार गटांना चार. पावसाळ्यात दमट भुसा हँड ड्रिलमध्ये बसला की आरसीसीबी पडतो. सगळ्या हॉलला मिळून एकच असेल तर तिसाही जणांचं काम थांबतं आणि कुणीतरी तो ‘तात्पुरता’ बायपास करतो. चार गट असले की बिघडलेलं ड्रिल दोन मिनिटांत सापडतं.

दोन्ही दारांशी आणि यंत्रांच्या भिंतीवर मधोमध लाल आणीबाणीचं बटण. पण दिवे त्या बटणावर नकोत. बटण दाबल्यावर अंधार झाला तर जखमी माणूस आणि फिरतं पातं, दोन्ही दिसेनासं होतं. चौथी गोष्ट अर्थिंग: दोन स्वतंत्र खड्डे आणि दरवर्षी मे महिन्यात मोजणी, कारण जमीन तेव्हाच सर्वांत कोरडी असते.

दिव्यांमध्ये पैसे उगाच जातात. पूर्ण हॉल ५०० लक्सवर (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) न्यायचा तर २० वॉटच्या, २००० ल्युमेनच्या जवळजवळ ७० ट्यूब लागतील. त्याऐवजी सर्वसाधारण २०० लक्स ठेवा, २८ ट्यूबमध्ये होतं. आणि प्रत्येक टेबलाला क्लॅम्पचा ९ वॉटचा दिवा द्या. तो हाताच्या कामावर अर्ध्या मीटरवर आला की हवा तेवढा उजेड मिळतो. यंत्रांवरच्या ट्यूब चांगल्या ड्रायव्हरच्या (आतल्या विजेच्या सर्किटच्या) घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि त्याच लयीत फिरणारं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर ती ट्यूब बदला.

पीओपी आणि माती: दोन वेगळी टेबलं

ओल्या कामाचा कोपरा बाहेरच्या भिंतीला, नळ आणि मोरीसह. पीओपी आणि माती कधीही एका टेबलावर नको. मातीत पीओपीचा हरभऱ्याएवढा खडा गेला तरी भाजल्यानंतर तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि भांड्याचा कपचा उडवतो. पीओपीच्या बादल्या पांढऱ्या, मातीच्या लाल, एवढं केलं तरी निम्मी चूक टळते.

पीओपीचे हात थेट बेसिनमध्ये धुतले की महिनाभरात नळी दगड होते. ती मोकळी करता येत नाही, तोडावी लागते. पद्धत अशी: तीन बादल्या ओळीने. पहिलीत हात आणि भांडी, दुसरीत पुन्हा, तिसरीत शेवटचं, मग बेसिन. बेसिनखाली तीन कप्प्यांची गाळाची टाकी, प्रत्येक कप्पा साधारण २ × दीड × दीड फूट, पाणी वरून पुढच्या कप्प्यात जाईल अशी. गाळ पंधरा दिवसांनी काढायचा. उरलेलं कालवलेलं पीओपी कागदाच्या खोक्यात ओता आणि घट्ट झाल्यावर कचऱ्यात द्या.

हाताचा साचा पीओपीत घेण्याची हौस पहिल्या वर्षी हमखास असते. तिला तिथेच थांबवा: घट्ट होताना जाड थरात तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, आणि तोवर हात बाहेर निघत नाही.

मे महिन्यात पीओपीचा साठा करून ठेवू नका. उघडी पोती जुलैत गुठळ्या धरतात आणि तसं पीओपी आवळत नाही किंवा ठिसूळ राहतं. २५ किलोची पोती लागतील तशी आणा, फळीवर ठेवा, फोडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात. मातीचं उलट आहे. ती वाया जातच नाही. वाळलेले तुकडे फोडून पाण्यात भिजत घाला, चिखल पीओपीच्या पाटावर पसरा, पाणी शोषलं गेलं की माती मळायला तयार.

स्वच्छ केबिन

लेझर आणि थ्रीडी प्रिंटरसाठी पश्चिमेला १० × १२ फुटांची बंद केबिन. लेझरच्या आरशांवर आणि भिंगावर भुसा बसला की तो तिथेच जळतो आणि भिंग तडकतं. धुराची सहा इंची नळी छपराच्या वर न्या आणि तिचा पंखा बाहेरच्या टोकाला बसवा. पंखा यंत्रापाशी असला तर पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि प्रत्येक सांध्यातून धूर खोलीत गळतो. बाहेरच्या टोकाला असला की गळक्या सांध्यातून हवा आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही.

पीव्हीसी लेझरखाली घालायचं नाही. रेक्झिन नाही, आणि सनबोर्डही नाही, कारण बाजारात या नावाने मिळणारा बोर्ड बहुतेक वेळा फोम केलेला पीव्हीसीच असतो. त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर फुफ्फुसं आणि यंत्राच्या रेल्स दोन्ही खातो. शंका असेल तर पडवीत तांब्याची तार लाल तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर वस्तू परत द्या. अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, पुठ्ठा चालतो.

पावसाळ्यात पीएलएची (थ्रीडी प्रिंटरच्या प्लॅस्टिक तारेची) रीळ उघडी राहिली की ओलावा पिते. प्रिंट होताना तडतड आवाज येतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, प्रिंटरला दोष देऊ नका.

अर्धवट मॉडेलं कुठे ठेवायची

हा प्रश्न नकाशात कुणी घेत नाही आणि वर्कशॉप याच प्रश्नामुळे बुजतं. हिशेब करा: ३० जणांना प्रत्येकी २ × २ × दीड फुटांचा कप्पा. पाच मजल्यांचा स्लॉटेड अँगलचा रॅक केला तर सहा उभे रकाने, म्हणजे बारा फूट भिंत, दोन फूट खोल. दोन बॅच हॉल वापरत असतील तर दुप्पट. एवढी भिंत नसेल तर यंत्र कमी करा, रॅक नको. सुट्या वस्तूंना मंडईतले टोमॅटोचे क्रेट उत्तम: एकावर एक बसतात, धुता येतात, फुटला तर बाजारात दुसरा मिळतो.

हत्यारांसाठी १८ मिलिमीटर प्लायच्या चार इंची पट्ट्या ४५ अंशांत चिरून भिंतीवर आडव्या लावा, दहा-दहा इंचांवर. तशीच उलटी चिरलेली पट्टी प्रत्येक हत्याराच्या धारकाला मागून. धारक अडकवला की स्वतःच्या वजनाने बसतो, हवा तिथे हलतो. स्क्रू विटेत किमान ४० मिलिमीटर गेले पाहिजेत. नुसत्या गिलाव्यात रोवलेला स्क्रू चार पाने टांगले की पट्टीसकट खाली येतो. प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवा. पटाशी, कानस, गुण्या, कुठलीही जागा रिकामी असली तर संध्याकाळी कुलूप लावणाऱ्याला लांबूनच दिसते.

ज्युरीसाठी ८ × ४ फुटांचे सहा सॉफ्टबोर्ड वरच्या रुळावर टांगा. एरवी ते रॅकसमोर ओढून ठेवायचे.

तुकडे, भंगार, पाणी, सौर

टिकाऊपणाची सुरुवात बहुतेक ठिकाणी छतावरच्या पॅनेलपासून होते. खरी बचत तुकड्यांच्या रॅकमध्ये आहे. दोन फुटांपेक्षा मोठा तुकडा उभ्या रॅकमध्ये, सहा इंच ते दोन फूट क्रेटमध्ये, सहा इंचांखालचा बाहेर. ही शेवटची मर्यादा कडक पाळा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून राखलेल्या चिपट्यांनी रॅक भरला की चांगला तुकडा कुणी शोधत नाही आणि नवी पाटी कापली जाते. साध्या लाकडाचा भुसा ओल्या कचऱ्यात मिसळून खत होतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा खतात नको, आणि ते तुकडे शेकोटीतही नकोत. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं ठेवलं तर भंगारवाला वेगळा भाव देतो. त्या पैशांत वर्षाचे पॉलिश पेपर येतात.

पुण्यात जुने वाडे उतरवले जातात तेव्हा निघणारं सागवान भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे बघायला मिळतं; रवाची, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या दिशेची, सवय लागायला त्यासारखं लाकूड नाही. रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, आत गेलेला एक जुना खिळा रंध्याचं पातं आणि बँडसॉ दोन्ही संपवतो. हत्यारांसाठी पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानाला लोहार चाळ. घेताना एकच प्रश्न विचारा: याचा कार्बन ब्रश, बेअरिंग, स्विच इथेच मिळतो का? मिळत नसेल तर यंत्र कितीही कमी वीज खाणारं असो, दोन वर्षांत ते शोभेला राहतं.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ७०० मिलिमीटर पावसात या छपरावरून, १५ टक्के वाया धरून, ६६ हजार लिटर पाणी मिळतं. ओल्या कोपऱ्याला ते पुरतं. पत्र्याचं छप्पर असेल तर खालून ५० मिलिमीटर ग्लासवूल द्या. उन्हाळ्यासाठी तर आहेच, पण जुलैच्या सरीत मास्तरांचा आवाज पोहोचावा म्हणूनही.

सौरचा आकडा वापरावरून काढा. दिवे दिवसाला ४ युनिट, लेझर आणि त्याचा चिलर ७, यंत्रं आणि कलेक्टर ५, पंखे २, म्हणजे साधारण १८. एक किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. साडेचार-पाच किलोवॉट पुरे. वर्कशॉप दिवसाच चालतं, त्यामुळे बॅटरी नको. सुट्टीतली वीज नेट मीटरवर जाऊ द्या.

मे महिन्यातली कामं

बिडाच्या यंत्रांचे माथे रॉकेलने पुसून पेस्ट वॅक्सचे दोन हात. हत्यारांच्या बंद कपाटात १५ वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, जून ते सप्टेंबर चोवीस तास. आतली हवा दोन-तीन अंश गरम राहिली की सापेक्ष आर्द्रता उतरते आणि पटाशीला गंज धरत नाही. कपाट लाकडी असेल तर बल्बला जाळी घाला. प्लाय आणि एमडीएफ जमिनीपासून चार इंच वर, भिंतीला न टेकवता. कलेक्टरची पिशवी झटकून धुवा, झडपा सुटतात का पाहा. हार्डबोर्ड उलटा करा. ६ किलोची एबीसी अग्निशामकं दोन आणि केबिनपाशी एक कार्बन डायऑक्साइडचं. तिन्हींची तारीख बघा. पन्हाळी साफ करा, आणि गाळाच्या टाकीचा तिसरा कप्पा उघडा. त्यात पांढरा थर दिसला तर तीन बादल्यांपैकी एक कुणीतरी उचलून नेलेली आहे.